थेंबातली पेशी, मेंदूतली पेशी

भाताचा मूठभर पेंढा बारीक तोडून पाण्यात उकळायचा. पाणी गार झालं की त्यात डबक्याचं चमचाभर पाणी घालायचं आणि बरणी आठवडाभर खिडकीशी ठेवून द्यायची. तिसऱ्या दिवशी वास सुटतो आणि पाचव्या दिवशी घरातली माणसं बरणीबद्दल टोमणे मारू लागतात. शाळेत शिकलेला हा उद्योग मी अजूनही दर पावसाळ्यात एकदा तरी करतो आणि बोलणी खातो. वरच्या सायीखालचा एक थेंब काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरला की त्यात पॅरामेशियम भेटतात, त्यांच्यासाठी एवढं सोसायला हरकत नाही.

गेल्या खेपेला त्यातल्या एकाच्या मी बराच वेळ मागावर होतो. लांबी मिलिमीटरच्या पाचव्या हिस्स्याएवढी, आकार चपलेच्या तळव्यासारखा, अंगभर हजारो बारीक रोम. वाटेत पेंढ्याचा एक तंतू आडवा आला. पॅरामेशियम धडकलं, थबकलं, उलटं पोहत थोडं मागे आलं, तोंड जरासं फिरवलं आणि पुन्हा पुढे. पुन्हा धडक. बोळात अडकलेला टेम्पोवाला मागे-पुढे करत गाडी काढतो, अगदी तसं. पाचव्या प्रयत्नात तंतूच्या टोकाला अंग घासून ते निघून गेलं.

हे सगळं करणारी पेशी एकच. मेंदू नाही, नस नाही, डोळा नाही. आणि वरून वाकून बघणाऱ्याच्या डोक्यात सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी. त्यातली एखादी काढून याच थेंबात सोडली, तर ती काही मिनिटांत पाणी शोषून फुगेल आणि फुटेल, कारण आत शिरणारं पाणी उपसून बाहेर टाकायचा जो पंप पॅरामेशियमकडे असतो, तो तिच्याकडे नाही. मग या दोघांत हुशार कोण?

प्रश्न पोरकट वाटेल. पण गेली सव्वाशे वर्षं जीवशास्त्रात तो वेगवेगळ्या रूपांत विचारला जातो आहे, आणि माझ्या मते बराच काळ दोघांवरही अन्याय झाला. थेंबातल्या पेशीला लोकांनी रसायनांची पिशवी समजलं, मेंदूतल्या पेशीला विजेचं बटण. दोन्ही ठिकाणी चूक एकच होती. पेशीच्या आत काय चाललं आहे ते कोणी हिशेबात धरलं नाही.

१९०६ साल या गोष्टीत महत्त्वाचं. त्या वर्षी हर्बर्ट स्पेन्सर जेनिंग्ज या अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञाचं ‘बिहेवियर ऑफ द लोअर ऑर्गॅनिझम्स’ हे पुस्तक आलं. पॅरामेशियमच्या त्या टेम्पो-चालीचं बारकाईनं वर्णन केलं ते त्यानंच. पण त्याचा खरा नायक स्टेंटर. हाही एकपेशीय, पण कर्ण्याच्या आकाराचा आणि नुसत्या डोळ्यालाही ठिपक्यासारखा दिसेल एवढा मोठा. त्यातली रोएसेली ही जात एका जागी बूड टेकवून, स्वतःभोवती चिकट नळी करून राहते आणि कर्ण्याच्या तोंडावरच्या रोमांनी पाण्याचा भोवरा करून अन्न ओढून घेते. जेनिंग्जनं बारीक नळीतून त्याच्या तोंडावर किरमिजी रंगाची पूड सोडली.

आधी काहीच झालं नाही. मग स्टेंटर एका बाजूला वाकला. पूड येतच राहिली, तेव्हा त्यानं रोमांची दिशा उलटवली आणि पाणी बाहेर लोटलं. तेही पुरेना, तेव्हा झटक्यात आक्रसून नळीत शिरला. थोड्या वेळानं हळूच बाहेर आला. पूड होतीच! आता त्यानं वाकणं, पाणी लोटणं वगैरे काही केलं नाही, थेट आक्रसला. असं अनेकदा झाल्यावर शेवटी बूड सोडवून घेतलं आणि नवी जागा शोधायला पोहत निघून गेला. शेजारच्या घरी जात्याची घरघर सुरू झाल्यावर माणूस आधी कूस बदलतो, मग खिडकी लावतो, मग कानात बोळे घालतो आणि अगदीच असह्य झालं की दुसरी खोली बघतो. क्रम तोच. पूड तीच, पेशी तीच, तरी दर वेळचं उत्तर वेगळं. म्हणजे मघाशी काय झालं याची काहीतरी नोंद पेशीत राहिलेली असणार.

जेनिंग्जच्या काळात जॅक लोब नावाचा मोठा वजनदार शास्त्रज्ञ होता. त्याच्या मते असे जीव म्हणजे उजेडाकडे किंवा रसायनाकडे ओढली जाणारी यंत्रं, बाकी काही नाही. पुढची अनेक दशकं वारं लोबच्या बाजूनं वाहिलं. १९६७ साली दोघांनी जेनिंग्जचा प्रयोग पुन्हा करून पाहिला आणि असलं काही दिसत नाही असं जाहीर केलं. गंमत अशी, की त्यांनी स्टेंटरची भलतीच जात वापरली होती, जिला एका जागी बसण्यापेक्षा पोहण्यातच रस. तरी जेनिंग्ज मागे पडला तो पडलाच. हार्वर्डमधल्या जेरेमी गुणवर्धने यांच्या गटानं २०१९मध्ये योग्य जात मिळवली, रंगाच्या पुडीऐवजी प्लास्टिकचे सूक्ष्म मणी सोडले आणि तासन्‌तास चित्रण केलं. जेनिंग्जचा क्रम खरा निघाला. वर एक नवी गोष्ट सापडली. आक्रसायचं की सोडून जायचं, या शेवटच्या पायरीवर स्टेंटरचं उत्तर जवळजवळ नाणेफेकीसारखं असतं, निम्मं इकडे, निम्मं तिकडे. प्रत्येक जण आपापल्या वेळी कंटाळतो.

आता १९०६ची दुसरी बाजू. त्या डिसेंबरात स्टॉकहोममध्ये कामिलो गोल्जी आणि सांतियागो रामोन इ काहाल यांना नोबेल पारितोषिक विभागून मिळालं. दोघांचं एकमेकांशी पटत नव्हतं. गोल्जी म्हणे, मेंदू म्हणजे एकसलग जाळं. काहाल म्हणे, छे, प्रत्येक चेतापेशी सुटी, स्वतंत्र. व्यासपीठावरून गोल्जीनं काहालच्याच मताविरुद्ध भाषण दिलं. भांडण निकालात निघायला मदत झाली ती एका थेंबाची. बॉल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात रॉस हॅरिसननं बेडकाच्या भ्रूणातला चेतापेशी होऊ घातलेला तुकडा काढला, लसिकेच्या थेंबात ठेवला आणि थेंब काचेवरून उलटा लोंबता ठेवून पाहत बसला. १९०७ साली त्यानं जे छापलं ते असं: पेशीतून एक तंतू निघतो, लांबत जातो आणि त्याचं टोक अमीबासारखं सरपटतं. बोटं पुढे काढतं, चाचपतं, मागे घेतं. जेनिंग्जही त्याच सुमारास त्याच विद्यापीठात रुजू झाला होता. एकाच आवारात एक जण थेंबातला अमीबा बघत होता आणि दुसरा थेंबातली चेतापेशी. दोघांनी एकमेकांच्या सूक्ष्मदर्शकात डोकावलं होतं का, हे कळलं असतं तर मला फार आवडलं असतं.

म्हणजे लहानपणी चेतापेशी अमीबाच असते म्हणा ना. टोकाला वास येतो, चव कळते, एका रसायनाकडे ते वळतं, दुसऱ्यापासून पळतं. १९८७ साली बेडकाच्या डिंभावर केलेल्या प्रयोगांत डोळ्यापासून मेंदूकडे निघालेले असे तंतू मूळ पेशीपासून तोडून टाकले. केंद्रक मागे राहिलं, तरी टोकं काही तास सरपटत राहिली आणि नेमक्या मुक्कामाला पोचली.

मग ती पेशी मोठी होते, जागा धरते, आणि आपण तिला बटण म्हणू लागतो. हे नाव १९४३ साली पक्कं झालं. वॉरन मॅकलक आणि वॉल्टर पिट्स यांनी चेतापेशीचं गणिती रूप मांडलं: येणारे संदेश मोजायचे, बेरीज ठरावीक आकड्याच्या वर गेली तर ठिणगी, नाहीतर शांत. हात वर करून मतं मोजावीत तसं. संगणकाच्या इतिहासात या कल्पनेचे उपकार मोठे आहेत. पण खरी पेशी तेवढीच असते, असं लोकांनी धरून चालायला नको होतं.

ठिणगीचीच गोष्ट घ्या. ती चेतापेशीची मक्तेदारी नाही. १९६०-७०च्या दशकांत युटाका नाइटो आणि रॉजर एकर्ट यांनी पॅरामेशियममध्ये बारीक काचेच्या सुया खुपसून विद्युतदाब मोजला. पुढून धक्का लागला की पुढच्या भागातल्या पटलातली दारं उघडतात आणि कॅल्शियमचे आयन आत येतात. दाब चढला की रोमांवरची आणखी दारं उघडतात, कॅल्शियमचा लोंढा येतो आणि रोम उलटे मारू लागतात. पॅरामेशियम रिव्हर्स घेतं. कॅल्शियम उपसून झालं की पुन्हा पुढे. मागून धक्का लागला तर वेगळी दारं उघडतात, पोटॅशियम बाहेर जातं, दाब उतरतो आणि रोम जोरात पुढे वल्हवतात, पळ काढायला. पेंढ्याच्या तंतूशी मी पाहिलेली ती मागे-पुढे म्हणजे दर धडकेला एक विजेची ठिणगी होती. चिंग कुंग यांनी असे पॅरामेशियम शोधले ज्यांना मागे जाताच येत नाही, कारण त्यांची रोमांवरची दारं बिघडलेली. त्यांना नाव दिलं ‘प्यादं’. बुद्धिबळ खेळणाऱ्याला ते समजावून सांगावं लागत नाही.

चेतापेशीत ठिणगी सोडियमवर चालते, पण तंतूच्या टोकाला पोचल्यावर ती करते काय? कॅल्शियमची दारं उघडते. कॅल्शियम आत आलं की पुढच्या पेशीसाठी रसायन सुटतं. विजेनं कॅल्शियमला हाक मारायची आणि कॅल्शियमनं काम करायचं, ही युक्ती दोन्हीकडे एकच. पॅरामेशियमला काही शास्त्रज्ञ ‘पोहणारी चेतापेशी’ म्हणतात. मला ते उलटं म्हणावंसं वाटतं: चेतापेशी म्हणजे पोहणं सोडलेलं काहीतरी. ही दारं किती जुनी आहेत याचा एक पुरावा तर मातीतच आहे. पोटॅशियमचं दार अणूअणूंच्या पातळीवर कसं दिसतं, हे रॉडरिक मॅकिनन यांनी १९९८ साली दाखवलं आणि त्याबद्दल २००३चं नोबेल मिळवलं. त्यांनी वापरलेलं दार मेंदूतलं नव्हतं, स्ट्रेप्टोमायसिस या मातीतल्या जिवाणूचं होतं. पहिल्या पावसानंतर मातीला जो वास सुटतो, त्यामागे मुख्यतः याच कुळातले जिवाणू असतात.

जिवाणूंचा विषय निघालाच आहे तर ई. कोलाय. लांबी मिलिमीटरचा पाचशेवा हिस्सा. साखर कोणत्या बाजूला जास्त आहे हे त्याला अंगाच्या दोन टोकांची तुलना करून कळणं कठीण, दोन टोकं फारच जवळ. म्हणून तो काळाची तुलना करतो. गेल्या सेकंदात काय मिळालं आणि त्याआधीच्या दोन-तीन सेकंदांत काय मिळत होतं? बरं चाललं असेल तर सरळ पोहत राहायचं, नसेल तर कोलांटी मारून कुठलीही नवी दिशा धरायची. हॉवर्ड बर्ग यांनी १९७२मध्ये एकेका जिवाणूचा माग ठेवणारा सूक्ष्मदर्शक वापरून हे दाखवलं. चार सेकंदांची ही आठवण ठेवलेली असते संवेदी प्रथिनांना चिकटवलेल्या बारीक रासायनिक खुणांत. सुपारी मोजताना बोटाच्या पेरावर अंगठा ठेवतात, तशा.

तर मग पॅरामेशियम आणि चेतापेशी सारख्याच? नाही. मोठा फरक पडतो तो आकाराचा. अनुमस्तिष्कातली पुर्किंये पेशी पाहा. पुस्तकात ठेवून जाळी झालेलं पिंपळाचं पान आठवा, तशी चपटी, शिरांनी भरलेली. त्या शिरांवर दीड-दोन लाख संपर्क. पॅरामेशियमला एवढ्या जणांचं कधीच ऐकावं लागत नाही. शिवाय ही फांद्यांची जाळी नुसती तार नाही. जिन्यातला दिवा असतो ना, खाली एक बटण आणि वर एक? दोन्हींपैकी एकच दाबलं तर दिवा लागतो, दोन्ही दाबली तर विझतो. हे गणित वाटतं त्यापेक्षा कठीण आहे. ‘मतं मोजणाऱ्या’ एकट्या पेशीला ते जमूच शकत नाही, कारण दोन मतांना तिचं उत्तर एका मतापेक्षा कमी येईलच कसं? १९६९ साली मार्विन मिन्स्की आणि सेमूर पॅपर्ट यांनी नेमकं याच कोड्यावर बोट ठेवलं होतं. ते सोडवायला पेशींचे किमान दोन थर हवेत, असं तेव्हापासून शिकवलं जातं.

२०२०मध्ये मॅथ्यू लार्कम यांच्या गटानं शस्त्रक्रियेत काढाव्या लागलेल्या माणसाच्या मेंदूच्या तुकड्यांत चेतापेशींच्या फांद्यांमधला विद्युतदाब मोजला. तिथे एक विचित्र ठिणगी सापडली: बेताच्या संदेशाला ती जोरात उठते, संदेश आणखी वाढला की मंदावते. म्हणजे जिन्यातला दिवा एका पेशीच्या एका फांदीत बसवता येतो. पाठोपाठ २०२१मध्ये जेरुसलेमच्या संशोधकांनी उंदराच्या मेंदूतल्या एका पेशीच्या वागण्याची हुबेहूब नक्कल संगणकाकडून करवून घेतली. त्यासाठी पाच ते आठ थरांचं कृत्रिम जाळं लागलं. बटणाची नक्कल करायला एवढा पसारा लागत नाही.

आठवणीच्या बाबतीत मात्र मला दोन्ही पेशी पुन्हा जवळ आलेल्या दिसतात. पाठ्यपुस्तकातलं मत असं की मेंदूतली आठवण पेशींमधल्या सांध्यांत असते, सांधा घट्ट झाला की शिकणं झालं. स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठात २०१४ साली पुर्किंये पेशीला दोन इशारे ठरावीक अंतरानं वारंवार दिले गेले. पेशी शिकली काय? पहिला इशारा मिळाल्यावर नेमक्या तेवढ्या वेळानं गप्प व्हायला. अंतर १५० मिलिसेकंदांचं असलं तर तेवढं, ३०० असलं तर तेवढं. नुसता सांधा घट्ट किंवा सैल करून घड्याळ होत नाही. तिथल्या संशोधकांचा निष्कर्ष होता की वेळेची ही नोंद पेशीच्या आतच असावी.

हे वाचताना मला बिएट्रिस गेल्बर आठवली. १९५०च्या दशकात अमेरिकेत तिनं पॅरामेशियमच्या पाण्यात प्लॅटिनमची तार बुडवायला सुरुवात केली. दर तिसऱ्या खेपेला तारेवर जिवाणूंचं खाणं लावलेलं. चाळीसेक खेपांनंतर कोरी तार बुडवली तरी पॅरामेशियम तिला येऊन चिकटत. डोनाल्ड जेन्सननं आक्षेप घेतला: ते शिकले वगैरे काही नाहीत, तारेवरून गळलेले जिवाणू पाण्यात पसरले असतील, तिकडे ते जमतात. आक्षेप वाजवी होता. गेल्बरनं त्याला उत्तर देणारे प्रयोगही केले, पण तोवर सगळ्यांचं लक्ष उडालं होतं. एका पेशीनं शिकणं ही कल्पनाच कुणाला नको होती. २०२१मध्ये हार्वर्डच्या सॅम्युएल गर्शमन आणि सहकाऱ्यांनी तिचे जुने शोधनिबंध उपसून काढले आणि हे पुन्हा तपासायला हवं असं लिहिलं. मला विचाराल तर प्रयोग खरा निघो वा खोटा, त्याला साठ वर्षं लागायला नको होती.

हुशार कोण, हा प्रश्न मी टाळत नाहीये. २००५मध्ये लॉस एंजेलिसला अपस्माराच्या रुग्णांच्या मेंदूत बसवलेल्या तारांवर एक चेतापेशी सापडली, जी जेनिफर ॲनिस्टन या नटीच्या वेगवेगळ्या छायाचित्रांना उत्तर देई, बाकी चेहऱ्यांना जवळपास नाही. पेशीला नटी माहीत होती? छे. पेशीला माहीत होते ते तिच्या फांद्यांवर येणारे संदेश. तिचं ज्ञान तिच्या जागेत आहे. मामलेदार कचेरीतल्या कारकुनाला एका शिक्क्याचे बारकावे जेवढे कळतात तेवढे कुणालाच कळत नाहीत, पण खुर्ची काढून घेतली की संपलं. डबा घरून येतो, पंखा सरकारचा. चेतापेशीलाही शेजारच्या पेशी खाऊ घालतात, रक्त ऊब देतं, धोका तिच्यापर्यंत पोचतच नाही. पॅरामेशियम म्हणजे एकट्यानं कोरडवाहू शेती करणारा: उष्णता, चव, धक्का, गुरुत्व, विजेचा प्रवाह, सगळ्याकडे स्वतःच बघायचं, खायचंही स्वतः आणि चुकलं तर मरायचंही स्वतः. एकाच कामात खोली किती, हे बघायचं असेल तर मी चेतापेशीला झुकतं माप देईन. पण ‘आपलं कशात भलं’ हे ठरवणं म्हणजे हुशारी असेल, तर थेंबातल्या त्या चपलेपुढे मेंदूतली एकटी पेशी उभीच राहत नाही.

अर्थात कारकूनही कधी काळी शेतकऱ्याचा पोरगा असतो. माझ्या आतेभावाचं मनगट मृगाच्या पावसात गवत कापताना विळ्यानं कापलं. नस तुटली, बोटं बधिर झाली. डॉक्टरांनी नस शिवली आणि सांगितलं, आता वाट बघा. तुटलेल्या तंतूंच्या टोकांना पुन्हा ती अमीबाची बोटं फुटतात आणि जुन्या नळीतून चाचपत ती निघतात, दिवसाला साधारण एक मिलिमीटर. पॅरामेशियम तेवढं एका सेकंदात पोहतं. टोक कुठवर आलं हे बघायची पद्धत शंभर वर्षं जुनी आहे. पहिल्या महायुद्धातल्या जखमी सैनिकांवर काम करताना जूल तिनेल या फ्रेंच डॉक्टरनं ती लिहून ठेवली: नसेच्या वाटेवर टिचकी मारत जायचं, जिथे मुंग्या येतील तिथे टोक. गणपतीत आतेभावाच्या मुंग्या तळव्याच्या मध्यावर होत्या. दिवाळीत मधल्या बोटाच्या मुळाशी. संक्रांतीला आत्यानं हलव्याची वाटी पुढे केली, तेव्हा त्यानं एक दाणा चिमटीत धरला, बराच वेळ फिरवत राहिला आणि म्हणाला, “काटे लागतायत.”